नासिक प्रदेशातील प्राचीन राज्ये व लोकसमूह

नासिक प्रदेशातील प्राचीन राज्ये व लोकसमूह : गोदावरीच्या उगमाकडील खोऱ्यात, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेल्या प्रदेशातील ताम्रपाषाणयुगापासून इ. स. आठव्या शतकापर्यंतच्या राजसत्ता आणि त्यांच्या आश्रयाने अथवा त्यांच्या आधीपासून तेथे नांदत असलेले लोकसमूह. प्राचीन लेखांत या प्रदेशाच्या मध्यवर्ती भागास गोवर्धन आहार (जिल्हा) असे नाव असून त्याचे मुख्य ठिकाण गोवर्धन हे होते. नासिकच्या पश्चिमेस गोदाकाठी असलेल्या गोवर्धन या गावाने ते नाव जपले आहे. या प्रदेशावर सातवाहन, क्षहरात, आभीर, त्रैकूटक, कलचुरी व चालुक्य अशी घराणी एकामागून एक राज्य करून गेली. मात्र राजवंशाचा उच्छेद म्हणजे त्या वंशाच्या लोकांचा उच्छेद नव्हे, ही गोष्ट नासिकच्या लेखांतून जितकी स्पष्ट होते, तितकी दख्खनमधील अन्य कोणत्याही एका स्थळी क्वचितच होते.

साधने : या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे नासिकच्या नैर्ऋत्येस सु. ८ किमी.वर असलेल्या त्रिरश्मी डोंगरातील (पांडवलेणी) २४ बौद्ध लेणी व त्यांतील ब्राह्मी लिपीतील लेख होत. भगवानलाल इंद्रजी, गेओर्ग ब्यूलर व एमील सनार यांनी या लेखांचे वाचन व संपादन केले. त्यांना नाण्यांची, विशेषतः १९०६ मध्ये सापडलेल्या जोगळटेंभी येथील निधीची, तसेच अंजनेरी, अभोणे व वडनेर येथील ताम्रपटांची जोड मिळते. यांतील बहुतेक लेख दानलेख आहेत. त्यामुळे ज्याने दान दिले त्याचे नाव, कुळ व गाव कळते. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते, तो लेखांत येत नाही. सह्याद्रीच्या रानांत राहणाऱ्या समूहांविषयी हे लेख जवळजवळ मूक आहेत, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा उपयोग करावा लागतो.

भौगोलिक पार्श्वभूमी : पश्चिमेकडील शूर्पारक (सोपारा) व कल्याण या बंदरांतून निघणारा मार्ग थळघाटाने सह्याद्री चढून गोवर्धनास येई व तेथून एक फाटा गोदावरीकाठाने प्रतिष्ठानकडे (पैठण), तर दुसरा उत्तरेस तापीच्या खोऱ्याकडे व पुढे माळव्याकडे जाई. घाटमाथ्यावरील या नाक्यावर ज्याचा ताबा, त्याच्याकडे जकातीचे उत्पन्न. म्हणून माळवा-गुजरातमधील सत्ता आणि दख्खनमधील सत्ता यांच्यातील संघर्षात नासिक प्रदेश वारंवार सापडला. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी यानेही नासिकचा उल्लेख केला आहे.

प्रारंभीचे लोकसमूह : ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये नासिक आणि प्रवरेकाठचे जोर्वे येथे केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी काढलेली मृद्‌भांडी, सूक्ष्मास्त्रे व तांब्याच्या वस्तू वापरणारे हे लोक शेती व पशुपालन करीत. जोर्वे संस्कृतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. १४०० ते ७०० असा मानला जातो. या लोकांची भाषा वा त्यांचे स्वतःचे नाव यांविषयी लेखी पुरावा नाही. तेव्हा पुढील काळातील एखाद्या जमातीशी त्यांचा थेट संबंध जोडणे सयुक्तिक ठरत नाही.

नावानिशी लोकसमूह भेटतात ते मौर्यकाळात. अशोकाच्या पाचव्या व तेराव्या शिलालेखांत पश्चिमेकडील व दक्षिणेकडील लोकांच्या गणनेत राष्ट्रिक, भोज, पेतेनिक व पुलिंद यांचे निर्देश आहेत. अशोकाच्या लेखांचे तुकडे सोपारा येथे सापडले असल्याने कोकणपट्टी व तिच्याशी जोडलेला घाटमार्ग मौर्यांच्या प्रभावक्षेत्रात होता, हे निश्चित. सातवाहनकालीन लेखांत महारठी व महाभोज या पदव्या आढळतात. त्यांवरून राष्ट्रिक व भोज यांच्यातील प्रमुख घराणी नव्या राजसत्तेखाली मांडलिक किंवा अधिकारी म्हणून टिकून राहिली, असे अनुमान करण्यात येते.

सातवाहनांचा उदय : त्रिरश्मीवरील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक (लेणे क्र. १९) सातवाहन कुळातील कृष्ण (कण्ह) राजाच्या काळचा असून नासिक येथील श्रमणांच्या व्यवस्थेवर नेमलेल्या महामात्राने ते लेणे करविले, असे त्यात म्हटले आहे. कृष्णाचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले शतक, तर काहींच्या मते त्याही पूर्वीचा धरतात. महामात्र हे मौर्य शासनातील अधिकारपद सातवाहनांनी चालू ठेवल्याचे यावरून दिसते. चैत्यगृहाच्या (लेणे क्र. १८) दर्शनी भागाचे काम नासिककरांपैकी धंभिक ग्रामाने दिलेले दान असून चैत्यगृह पूर्ण करण्याचे श्रेय एका राजाधिकाऱ्याची पत्नी भटपालिका हिच्याकडे जाते. मुगूदास नावाच्या एका दासकाने (कोळ्याने) सहकुटुंब दिलेले लेणेही (क्र. ८) येथे आहे. राजकुळाबरोबर गाव, अधिकारी, स्त्रिया व कष्टकरी यांचा वाटा आरंभापासून होता, असे या नोंदींवरून दिसते.

क्षहरात : इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत शकांच्या क्षहरात या कुळाने गुजरात-काठेवाडकडून दक्षिणेस सरकत नासिक, जुन्नर व कार्ले हा पट्टा सातवाहनांकडून घेतला. भूमकानंतरचा क्षत्रप नहपान हा या कुळातील सर्वांत प्रबळ राजा होय. त्याच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शककालाची मानल्यास त्याचा काळ इ. स. ११९–१२४ असा येतो. ती अन्य गणनेची अथवा राज्यवर्षे मानणारे विद्वान त्यास पहिल्या शतकाच्या मध्यापासून उत्तरार्धापर्यंत ठेवतात. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे, तर मागील बाजूस ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. एकाच नाण्यावरील या तीन लिप्या त्याच्या राज्यातील व्यापारी जगाची कल्पना देतात.

नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) हा दिनीकाचा पुत्र असून तो स्वतःस शक म्हणवितो. लेणे क्र. १० त्याने करविले. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा, तापी, दमण व डहाणुका यांसारख्या नद्यांवर विनामूल्य नावा, ब्राह्मणांना गावे व गाई अशा त्याच्या दानांची लांबलचक यादी तेथे कोरलेली आहे. वर्ष ४२ च्या लेखाप्रमाणे त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक, तर १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते; २,००० वर दरमहा २० याप्रमाणे वर्षाचे २४० कार्षापण होतात आणि हिशोब बरोबर जुळतो. हा व्यवहार नगराच्या निगमसभेत ऐकवून नोंदविण्यात आला. उत्तरेकडून आलेला हा शक सरदार ब्राह्मण व बौद्ध या दोहोंना दाने देतो, संस्कृतमिश्रित प्राकृतात लेख कोरवितो आणि आपला पैसा स्थानिक विणकरांच्या हाती विश्वासाने ठेवतो. विजेत्याला येथील श्रेणींची आणि निगमसभेची गरज होती, हा या लेखाचा खरा अर्थ होय.

गौतमीपुत्र सातकर्णी : सातवाहनांची गेलेली सत्ता गौतमीपुत्राने परत मिळविली. त्याचा काळ परंपरेने सु. इ. स. १०६–१३० असा देण्यात येतो; नाण्यांच्या नव्या अभ्यासानुसार काही विद्वान तो पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. जोगळटेंभीच्या निधीत सु. १३,२५० चांदीची नाणी मिळाली. ती मूळची नहपानाची असून त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला आहे. शत्रूचे नाणे वितळवून न टाकता त्यावरच आपले नाव छापण्यामागे विजयाची घोषणा होतीच. पण बाजारात रुळलेले चलन एकाएकी मोडू नये, ही व्यावहारिक दृष्टीही होती.

त्याच्या राज्यवर्ष १८ मधील आज्ञा गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास उद्देशून आहे. पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले अपरकखडी गावातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, त्यात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, मिठासाठी जमीन खणू नये, असे तीत सांगितले आहे. सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, राजा व राजमाता यांच्या नावे श्यामक या अमात्यास दुसरी आज्ञा गेली. कखडी गावातील जे शेत दिले होते ते कसले जात नाही व गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावी, असा तिचा आशय आहे. गाव ओस का पडले, हे आज्ञेत सांगितलेले नाही. तथापि ज्या पट्ट्यावरून दोन सत्तांचे सैन्य गेले होते, तेथील गाव सत्तांतरानंतर सहा वर्षे उलटूनही वसलेले नव्हते, ही नोंद त्या युद्धाविषयी कोणत्याही प्रशस्तीपेक्षा अधिक सांगून जाते.

प्रशस्ती आणि वस्तुस्थिती : गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी लेणे क्र. ३ दान केले. त्यातील लेखात दिवंगत पुत्राची प्रशस्ती आहे. ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर व अवंती या प्रदेशांचा तो स्वामी होता. त्याने शक, यवन व पल्हव यांना नष्ट केले, क्षहरात वंश निःशेष केला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असे ती सांगते. क्षहरात राजकुळ यानंतर इतिहासातून नाहीसे होते, तेव्हा त्यापुरते हे विधान खरे आहे. उरलेल्या विधानांना मात्र त्याच डोंगरातील इतर लेख मर्यादा घालतात.

लेणे क्र. १७ चा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री येथील यवन असून त्याच्या पित्याचे नाव धर्मदेव होते. लेणे क्र. २४ मध्ये दशपुरचा रहिवासी असलेल्या वुधिक नावाच्या शक लेखकाचे दान नोंदलेले आहे. त्याचा पिता विष्णुमित्र. पिता-पुत्रांची नावे पाहिली, तर परकीय म्हणून ओळखले जाणारे हे लोक भाषेने व आचाराने किती लवकर येथील समाजात मिसळले होते, ते कळते. यवन हा शब्द प्रत्येक ठिकाणी जन्माने ग्रीक असाच घ्यावा काय, याविषयी मतभेद असले, तरी तो आपली ओळख म्हणून अभिमानाने कोरविला जात होता, याविषयी शंका नाही. राजकुळांतही चित्र वेगळे नव्हते. कार्दमक शकांचा महाक्षत्रप रुद्रदामन् याने सातकर्णीस दोनदा जिंकूनही निकटच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे त्याच्या इ. स. १५० च्या जुनागढ लेखात म्हटले आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची कन्या होती, हे कान्हेरीच्या लेखावरून ज्ञात आहे. संकर थांबविल्याचा गौरव करणाऱ्या कुळातच शकांची कन्या सून म्हणून आली.

शिल्पातही हेच दिसून येते. बलश्रीचे लेणे क्र. ३ आखणीच्या दृष्टीने उषवदाताच्या लेणे क्र. १० वरच बेतलेले आहे. शत्रूहून सरस लेणे खोदण्याची ईर्षा असली, तरी नमुना त्याचाच घ्यावा लागला. सातवाहनांची या प्रदेशावरील सत्ता यज्ञ सातकर्णीच्या काळापर्यंत टिकली. त्याच्या सातव्या राज्यवर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने अनेक वर्षे अपुरे राहिलेले लेणे क्र. २० पूर्ण करविले.

आभीर : सातवाहनांनंतर तिसऱ्या शतकाच्या मध्यास नासिक प्रदेश आभीरांकडे आला. पतंजलीच्या महाभाष्यात व महाभारतात आभीरांचे उल्लेख असून ते मूळचे वायव्येकडील पशुपालक लोक असावेत, असे मानतात. पश्चिमी क्षत्रपांच्या सैन्यात ते वरच्या पदांवर होते; इ. स. १८१ च्या काठेवाडातील गुंदा लेखात रुद्रभूती हा आभीर सेनापती आढळतो. पुराणांनी आंध्रांनंतर राज्य करणाऱ्यांत दहा आभीर राजे गणले आहेत. नासिक येथे मात्र शिवदत्ताचा पुत्र माढरीपुत्र ईश्वरसेन या एकाच आभीर राजाचा लेख मिळतो. इ. स. २४८–४९ मध्ये सुरू झालेला व पुढे कलचुरी-चेदी संवत् म्हणून प्रसिद्ध झालेला संवत् त्यानेच प्रवर्तित केला, असे वा. वि. मिराशी प्रभृती विद्वानांचे मत आहे.

ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षाचा हा लेख लेणे क्र. १० च्या आवारातच कोरलेला आहे. त्यातील दात्री उपासिका विष्णुदत्ता ही शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी व गणपक विश्ववर्म्याची माता होती. त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी तिने गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत कुलरिकांच्या (बहुधा कुंभारांच्या) श्रेणीकडे १,००० व ओदयंत्रिकांच्या, म्हणजे जलयंत्रे करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे २,००० कार्षापण होते. तेल्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. शकांचा नाश झाल्याची घोषणा ज्या डोंगरात कोरली गेली, त्याच डोंगरात शतकाहून अधिक काळानंतर एक शक स्त्री आभीर राजाच्या राज्यवर्षात आपल्या पित्याची शक ही ओळख निःसंकोच नोंदविते. उषवदाताच्या काळी ठेवी घेणाऱ्या गोवर्धनच्या श्रेणी अजून तशाच विश्वासपात्र आहेत. मधल्या काळात राजे बदलले होते. ठेव, व्याज व दान यांची रीत बदलली नव्हती.

आभीरांची राज्यसत्ता लवकरच ओसरली. तरी खानदेशात, तसेच नासिक जिल्ह्याच्या बागलाण, कळवण व मालेगाव या उत्तरेकडील भागांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणी या बोलीच्या नावात या लोकांची स्मृती राहिली आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्रैकूटक, कलचुरी व हरिश्चंद्र घराणे : पाचव्या शतकात अपरान्त व नासिकचा पश्चिम भाग त्रैकूटकांकडे होता. इंद्रदत्त, दह्रसेन व व्याघ्रसेन हे त्यांचे ज्ञात राजे. दह्रसेनाचा पारडी ताम्रपट संवत् २०७ चा (इ. स. ४५६–५७), तर व्याघ्रसेनाचा सुरत ताम्रपट संवत् २४१ चा (इ. स. ४९०–९१) आहे. आभीरांचाच संवत् त्यांनी चालू ठेवला. ते आभीरांचे वंशज होते, असे काही विद्वान सुचवितात. निदान कालगणनेचा वारसा तरी त्यांनी घेतला, हे स्पष्ट आहे. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलचुरी कृष्णराजाने हा प्रदेश जिंकला. त्याची चांदीची नाणी बागलाणातील देवळाणे येथे सापडली आहेत. त्याचा पुत्र शंकरगण याचा ताम्रपट अभोणे येथे, तर नातू बुद्धराज याचा वडनेर येथे मिळाला. बुद्धराजाचा पाडाव झाल्यावर बादामीच्या चालुक्यांची सत्ता येथे आली.

चालुक्यांचे मांडलिक असलेल्या हरिश्चंद्र घराण्यातील भोगशक्ती याचे संवत् ४६१ चे (सु. इ. स. ७१०) ताम्रपट नासिकच्या पश्चिमेस अंजनेरी येथे मिळाले. त्यांत गोपराष्ट्र व पूर्व त्रिकूट अशी विषयांची (जिल्ह्यांची) नावे येतात. त्रैकूटकांचे राज्य जाऊन दोन शतके लोटल्यावरही त्यांचे नाव ज्यावरून पडले तो प्रदेश त्याच नावाने ओळखला जात होता. पूर्वी उद्ध्वस्त झालेले समगिरिपट्टण व त्याच्या आसपासच्या वाड्या भोगशक्तीने पुन्हा वसविल्या. तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ केली आणि निपुत्रिकाचे धन राजाने घेऊ नये, असे ठरवून दिले. कखडी गाव ओस पडल्याची नोंद आणि समगिरिपट्टण पुन्हा वसविल्याची ही नोंद यांत सु. सहा शतकांचे अंतर आहे. सत्तेच्या झगड्यात वस्ती मोडते आणि ती पुन्हा उभी करावयाची, तर राजाला आपले काही हक्क सोडावे लागतात, असा अनुभव या दोन्ही लेखांच्या मुळाशी आहे.

उत्तरकाल व ऐतिहासिक महत्त्व : आठव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रदेश राष्ट्रकूटांच्या आधिपत्याखाली गेला. नवव्या शतकात दृढप्रहार याने चंद्रादित्यपुर (चांदवड) येथे यादव घराण्याचा पाया घातला. पुढे सिन्नर हे त्यांचे केंद्र बनले व देश सेऊणदेश या नावाने ओळखला जाऊ लागला. बाहेरून आलेल्यांच्या सत्तेखाली दीर्घकाळ असलेल्या या भूमीतून देवगिरीच्या राज्याचा उदय झाला.

नासिक प्रदेशाचा प्राचीन इतिहास केवळ राजवंशांच्या अनुक्रमाने मांडल्यास तो परस्परांचा उच्छेद करणाऱ्या सत्तांचा इतिहास वाटतो. दानलेखांच्या साक्षीने पाहिल्यास शक, यवन, आभीर व स्थानिक समूह हे एकाच नगरात, एकाच श्रेणीव्यवस्थेच्या आधारे नांदत होते, असे दिसते. कोण मूळचा आणि कोण परका, हे ठरविण्यासाठी प्रशस्तींचा आधार घेणाऱ्या इतिहासकाराने त्याच डोंगरातील विष्णुदत्ता, इंद्राग्निदत्त व मुगूदास यांचे छोटे लेखही तितक्याच काळजीने वाचणे आवश्यक आहे.